स्टेशनचा ताव

"हे कुणी कापलं?" बाइंडरांनी विचारलं.

दोन्ही हात पाठीमागे घेऊन ते कागदाच्या स्टेशनवर इतके वाकले होते, की त्यांच्या श्वासाने छप्पर हलतंय की काय अशी सिस्टरांना धास्ती वाटली.

"मी," सिस्टर म्हणाल्या. त्या एका अक्षरात मावेल तेवढा अभिमान त्यांनी कोंबला होता. "टाके कापायच्या कात्रीनं. खिडक्या ऑपरेशनच्या ब्लेडनं. फलाटावरच्या छपराला ती झालर आहे ना, तिचे दात मोजा हवं तर. एकशे सोळा आहेत. एक जरी तुटलेला सापडला तर सांगा."

बाइंडर दात मोजायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी खिशातून भिंग काढलं, स्टेशनच्या कोपऱ्याशी धरलं, आणि मग भिंग डोळ्याला तसंच ठेवून ते गप्प उभे राहिले. 

सिस्टरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण गल्लीने त्यांना अजून निवृत्त केलं नव्हतं. कुणाच्या गुडघ्याला खरचटलं, कुणाचं बीपी वाढलं की हाक यायची ती "सिस्टर" अशीच. नवऱ्यालाही तीच खोड. "सिस्टर, पेशंटला चहा मिळेल का?" असं रोज सकाळी ऐकत त्यांनी चाळीस वर्षं संसार केला. नवरा कारखान्यात टर्नर होता. लेथवर फिरणाऱ्या लोखंडात केसाइतका फरक पडला तरी तो त्याला बोटाने कळायचा. टर्नरांना जाऊन आता आठ महिने झाले होते. येत्या महिन्यात सिस्टर हे घर सोडून लेकीकडे राहायला जाणार होत्या. लेकीचं घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीतला हा लाकडी फळा, भिंतीपासून भिंतीपर्यंतचा, त्यावर रुळांचं वेटोळं आणि त्याच्या कडेने उभं असलेलं कागदाचं गाव, तिथे मावणं शक्यच नव्हतं.

म्हणून लेकीने जुन्या पाकिटांवरचा पत्ता शोधून बाइंडरांना पत्र टाकलं. परगावी त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आणि त्यांनाही टर्नरांसारखंच या कागदी इमारतींचं वेड. पंचवीस वर्षं दोघांचा पत्रव्यवहार. उत्तर उलटटपाली आलं, आणि त्यामागोमाग आज सकाळच्या गाडीने बाइंडर स्वतः.

सिस्टरांची एकच इच्छा होती. ताव, रूळ, इंजिन, काय न्यायचं ते न्या, पण स्टेशन चारचौघांना दिसेल असं ठेवा, आणि ते कुणी बांधलं ते सांगा. नवऱ्याच्या या छंदात फडकं मारण्यापलीकडे त्यांना कधी जागा नव्हती. स्टेशन तेवढं त्यांचं होतं. हे त्यांनी लेकीला रात्रीच बजावून सांगितलं होतं आणि लेकीने हसून मान डोलावली होती.

बाइंडर अजून गप्पच होते. अशी शांतता सिस्टरांच्या चांगली ओळखीची होती. डॉक्टर एक्स-रे उजेडापुढे धरतात आणि नातेवाईक त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात, तेव्हाची ती शांतता. पण त्या वेळी सिस्टर नेहमी डॉक्टरांच्या बाजूला उभ्या असत.

"काय झालं? कुठे चुकलंय का?"

"नाही वहिनी. कुठेही चुकलेलं नाही."

"मग?"

बाइंडरांनी भिंग मिटलं. "हा ताव असली होता."

"म्हणजे काय, असलीच. त्या खणातला. ह्यांच्या स्टेशनला मी नकली कशाला लावू?"

दारात उभ्या असलेल्या लेकीला सिस्टर जे ऐकत नव्हत्या ते ऐकू आलं असावं. ती पुढे आली आणि तिने बाइंडरांसाठी खुर्ची ओढली. "काका, बसून बोला ना."

बाइंडर बसले. टोपी मांडीवर ठेवून तिच्या कडा चाचपत राहिले.

"वहिनी, मी स्पष्ट सांगू का? तुम्ही विचारताय म्हणून. आमच्यात असली ताव कापत नाहीत. पूर्वी खेळण्यातल्या आगगाडीशेजारी मांडायला ह्या इमारती कागदावर छापून मिळायच्या. छापखाना बुडून सत्तर वर्षं झाली. पोरांनी कापल्या, खेळून झालं, आयांनी केरात टाकल्या. त्यातून एखादा अख्खा ताव वाचला असेल, तर त्यालाच किंमत. कापला की संपला. गाव बांधायचं ते नकलांचं. ताव कागदावर गिरवायचा, रंगवायचा आणि ती नक्कल कापायची. असली ताव खणात, सपाट, उजेड न लागता."

"ते नकला करायचे, ते काय मला ठाऊक नाही? समोर बसून बघितलंय मी," सिस्टर म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

बघितलं होतं खरं. पण बघून त्यांनी जो अर्थ लावला तो वेगळाच होता. आपण ब्लाउज बेततो तेव्हा आधी वर्तमानपत्र कापून बघतो, अंदाज आला की मग कापडाला कात्री लावतो. टर्नर नकला कापतात त्या तशाच, असं सिस्टर धरून चालल्या होत्या. हात बसवणं चाललंय, खरा कागद चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलाय. विचारलं कधी नाही. टर्नर या विषयावर जे काही बोलायचे ते बाइंडरांना लिहून. बायकोशी बोलायचे ते ती ऐकत नाही हे धरूनच, आणि खरंच सांगायचं तर ती ऐकतही नसे.

मग टर्नरांच्या हाताला कंप सुटला. कंपवात. डॉक्टरांनी नाव घ्यायच्या आधी सिस्टरांनी तो ओळखला होता. चमचा वाजू लागला, सही वाकडी होऊ लागली. गावातलं जुनं स्टेशन पावसाळी ओल लागून बसलं होतं, त्याची नवी नक्कल करायला टर्नर बसले. तीन वेळा रंग रेषेबाहेर गेला, चौथ्यांदा कात्री. चौथी नक्कल त्यांनी मुठीत चुरगळली आणि कात्री खणात टाकून ते खोलीबाहेर पडले. रुळांच्या कडेला स्टेशनची जागा मोकळी राहिली. त्यानंतर टर्नर आगगाडी फिरवत, पण ती मोकळ्या जागेपाशी न थांबता पुढे जाई. 

पुढे टर्नरांना न्यूमोनिया झाला. बारा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. रात्री लेक त्यांच्यापाशी झोपायची आणि सिस्टर घरी यायच्या. त्या बारा दिवसांत त्यांनी खण उघडला, वरचाच स्टेशनचा ताव उचलला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात साधनं देणाऱ्या त्या बाईने प्रथमच स्वतः कापायला घेतलं. चांगला दिवस आता याहून लांबवायचा कशाला, असा त्यांचा विचार.

"किती होते असे?" त्यांनी विचारलं. "स्टेशनचे ताव?"

"माझ्या माहितीत दोन. एक परदेशात कुठेतरी, काचेखाली. दुसरा हा."

लेक म्हणाली, "आई, तू थोडी बस."

"मला काय झालंय? उभी आहे मी." पण त्यांनी फळ्याच्या कडेला हात टेकला.

त्यांना टर्नर घरी आले तो दिवस आठवत होता. दिवा लावून ठेवला होता. डोळे मिटायला लावून त्यांना दंडाला धरून आणलं होतं, लहान मुलाला आणावं तसं. टर्नरांनी डोळे उघडले. बघत राहिले. मग विचारलं, "कागद कुठला घेतलास?" "खणातला. वरचाच होता." टर्नर खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिताना पेला दातांवर वाजत होता. आनंदाने गलबलून आलंय माणसाला, असं सिस्टरांना वाटलं. पेला खाली ठेवून टर्नर म्हणाले, "झालरीचे सगळे दात कापलेस?" "सगळे." "फार सुबक झालंय गं." एवढंच. मग तीन आठवडे ते या खोलीत फिरकले नाहीत. आजारपणाचा अशक्तपणा, दुसरं काय. वॉर्डाच्या दारातून कुठल्या कॉटवरच्या माणसाला दुखतंय ते सांगणारी बाई, आणि घरातल्या माणसाचं तिला कळलं नाही.

"मला काही बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "एका शब्दानं नाही."

"मलाही नाही." बाइंडरांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. "आता लपवण्यात अर्थ नाही. हा ताव मला कबूल केलेला होता. माझ्या संचात तेवढा एकच कमी. टर्नर म्हणायचे, मी असेतो माझा, माझ्यामागे तुमचा. आणि मग हे आलं."

सिस्टरांनी कार्ड लांब धरून वाचलं. अक्षरं थरथरून ओळीखाली उतरली होती. स्टेशनचा ताव आता देता येणार नाही. शब्द मोडतो आहे, माफ करा. कारण कृपया विचारू नका.

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला विकला," बाइंडर म्हणाले. "मी डोक्यात राख घालून घेतली. नाही नाही ते लिहिलं. पंचवीस वर्षांत तुम्हाला ओळखलं नाही, असं लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही. मीही पुन्हा लिहिलं नाही. वाट बघत होतो, की हा माणूस निदान भांडेल तरी."

"मी विचारलं होतं ह्यांना. बाइंडरांचं बऱ्याच दिवसांत पत्र नाही. तर म्हणाले, त्यांचे डोळे बिघडलेत."

बाइंडरांनी उगाच डोळ्यांवरून हात फिरवला. "डोळे चांगले आहेत माझे," ते म्हणाले.

 लेकीने खण ओढून काढला आणि फळ्याच्या रिकाम्या टोकाला ठेवला. बाइंडर आले होते त्या कामाला लागले, आणि त्यात त्यांना हायसं वाटलं असावं. टर्नरांच्याच जुन्या पत्रातली यादी त्यांनी पुढ्यात घेतली. सत्तावन्न ताव. पातळ कागद बाजूला सारत ते एकेक ताव बघत, यादीवर खूण करत गेले. अर्ध्या तासाने त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"अडतीस आहेत. एकोणीस नाहीत."

"इथे आहेत," सिस्टर म्हणाल्या.

बाइंडरांनी त्यांच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. रुळांच्या कडेची टपाल कचेरी, मालधक्का, घंटेचा मनोरा, केबिन. ते उठले. या वेळी भिंग काढायलाही ते विसरले. एकेका इमारतीपाशी वाकत, छपराखाली बघत ते सगळ्या फळ्याला फेरी घालून आले, आणि परत येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"हेसुद्धा तुम्ही?"

"महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी. दोन वर्षं. स्टेशनचं छान झालं ना, तर हेच म्हणाले, बाकीच्यांचे रंग उडालेत, एकेक नवं करू. हे ताव काढून द्यायचे. मी कापायची. घडी कुठे घालायची ते हे सांगायचे."

"टर्नर स्वतः काढून द्यायचे?"

"खणाला मी पुन्हा हात लावला नाही. स्टेशनच्या वेळी तेवढा लावला."

"पण कशासाठी?" बाइंडरांचा आवाज चढला. त्यांना ते दुःख सोसवेना. "स्टेशनचं कळतं मला. ती चूक होती, तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण त्यांना ठाऊक होतं ना? हात चालत नव्हता तर नको रंगवू देत. गल्लीच्या तोंडाशी रंगीत झेरॉक्सचं दुकान आहे, येताना बघितलं मी. पाच मिनिटांचं काम. नक्कल काढून दिली असती, तुम्हाला काय फरक पडला असता?"



त्या दुकानात सिस्टर पेन्शनच्या कागदांसाठी चारदा गेल्या होत्या. टर्नरही बरोबर होते. बाकावर बसून ते रंगीत झेरॉक्स बाहेर येताना बघत असत. म्हणजे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही.

"मी विचारलं असतं," सिस्टर हळूहळू म्हणाल्या. "झेरॉक्स दिली असती तर मी विचारलं असतं, खणात चांगला कागद असताना ही कशाला? स्टेशन तर चांगल्या कागदाचं केलं, मग ह्याला का नाही? आणि मग त्यांना सांगावं लागलं असतं."

लेकीने तोंडावर हात घेतला. बाइंडर पुन्हा खुर्चीत बसले.

"मला स्टेशनचं कळू नये म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "तेवढ्यासाठी अठरा."

आता मात्र त्या बसल्या. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आली ती लाज. अंग भरून लाज आली आणि तिच्या मागोमाग त्या माणसाचा राग. सांगायचं होतं की. मी काय काचेची होते? चाळीस वर्षं मी लोकांची पोटं उघडलेली बघितली. एका कागदाचं मला सोसलं नसतं?

मग त्यांनी विचारलं, "यादीत कुठला किती दुर्मीळ, ते तुम्हाला सांगता येईल?"

"तोंडपाठ."

"मग मी कापले त्या क्रमानं नावं घेते, तुम्ही सांगा. स्टेशननंतर पहिली ती सिग्नलची केबिन."

"ती कुणाकडेही मिळेल. माझ्याकडे तीन आहेत."

"मग टपाल कचेरी."

"तीही तशीच."

"मालधक्का. मग दोन घरं, लाल छपराची. मग तो घंटेचा मनोरा."

"मनोरा जरा कठीण."

त्या क्रम सांगत गेल्या. महिना, हवा, त्या रविवारी टर्नरांनी काय खाल्लं, कुठल्या गोळीचा डोस बदलला होता, सगळं त्यांच्या डोक्यात केसपेपरसारखं लागोपाठ होतं. बाइंडरांचा आवाज मात्र बारीक होत गेला. कठीण. फार कठीण. मी एकदाच पाहिलाय. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आणि पाणचक्की," तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

"सांगा ना."

"पाणचक्कीचा दुसरा ताव मला ठाऊक नाही, वहिनी. स्टेशनचा निदान एक तरी आहे."

पाणचक्की टर्नर जायच्या आधी तीन आठवडे. तेव्हा त्यांना खुर्चीत उशा लावून बसवावं लागे आणि बोलणं जड झालं होतं. "आज राहू द्या," सिस्टर म्हणाल्या होत्या, "पुढच्या रविवारी करू." टर्नरांनी खणाकडे बोट केलं. खालचा. अगदी खालचा. सिस्टरांनी खण त्यांच्या मांडीवर ठेवला तेव्हा ताव त्यांनीच ओढून काढला, त्याला बराच वेळ लागला. मग त्यांनी तो बायकोच्या हातात दिला आणि म्हणाले, "आजच. सावकाश काप." दुपारभर ते चाकाच्या एकेका पात्याकडे बघत होते. चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. सिस्टर आता ते दृश्य मनात फिरवून फिरवून तपासत होत्या. दुखणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना कळत होता, निदान कळतो असं आजवर वाटत आलं होतं. दुखणं नव्हतं. त्या दिवशी लपवण्यासाठी ताव द्यायची गरजही नव्हती, कारण सिस्टरांनी स्वतःच काम पुढच्या रविवारवर टाकलं होतं. नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. टर्नर म्हणाले नाहीत.

हे त्यांनी बाइंडरांना सांगितलं नाही. ते त्यांचं त्यांच्यापाशी राहिलं.

त्या उठल्या. मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि लेकीला म्हणाल्या, "तो बुटांचा खोका आण. मोठा. आणि कापूस."

"कशाला गं?"

"आण तर."

खोका आला. सिस्टरांनी तळाशी कापूस पसरला, स्टेशनखाली दोन्ही तळवे सरकवले आणि ते अलगद उचललं. बाइंडरांच्या ध्यानात आलं तसे ते घाईने उभे राहिले.

"वहिनी, नको. मला ताव हवा होता. हे तुमचं आहे. तुमच्या हातचं."

"शब्द तुम्हाला दिलेला होता ना?"

"तो तावाचा. आता त्याचं काय."

"ह्यांनी कधी कुणाचा शब्द मोडला नव्हता. माझ्यामुळे मोडला आणि बोल खाऊन गेले. ताव होता तसा मला करता येत नाही. आहे तसा घेऊन जा." त्यांनी झालरीला लागू नये म्हणून एकेक बोळा बेताने खोचला. "आणि यादीत लिहून ठेवा, की दिला."

बाइंडरांनी कानामागची पेन्सिल काढली. यादीतल्या स्टेशनच्या ओळीपुढे त्यांनी काहीतरी लिहिलं, ते पुरतं दोन ओळींचं झालं. वाचून मात्र दाखवलं नाही.

अडतीस ताव पुठ्ठ्यांमध्ये बांधून झाले. रूळ आणि इंजिन नंतर नेऊ असं ठरलं. जाताना बाइंडरांनी पुठ्ठे काखेत मारले, पण खोका दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि रिक्षा बोलावते म्हणणाऱ्या लेकीला ते नको म्हणाले, रिक्षा फार हादरते. खिडकीतून दोघी मायलेकी बघत राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी आडवी होती. बाइंडर थांबले, गाडी हलेपर्यंत उभे राहिले, आणि मग पुढे गेले.

लेक मागच्या खोलीत आली. फळ्यावर, रुळांच्या कडेला, स्टेशनच्या आकाराचा हिरवा रंग ताजा दिसत होता.

"आई, हे बाकीचे पण त्यांना द्यायचे होते का? त्यांना बघायला तरी…"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "स्टेशन मी घेतलं होतं. हे अठरा मला दिलेत."

 लेकीने स्वयंपाकघरातून मोजायची टेप आणली आणि आईला न विचारता फळ्यावरच्या इमारतींची उंची मोजायला घेतली. तिच्या घरी, पलंगाच्या डोक्याशी, भिंतीवर एक फळी बसण्यापुरती जागा होती.